पक्ष्याच्या फोटोखाली गावाचं नाव लिहावं का?

खाडीकाठ, चिपळूण

पावसाची पहिली झड लागली की तिबोटी खंड्या कोकणात दिसायला लागतो, आणि त्याच्या मागोमाग कॅमेरे येतात. आमच्या भागात एका ओहोळाच्या दरडीत जोडीने बीळ खणलं. कोणीतरी फोटोखाली वाडीचं नाव आणि "मोरीच्या अलीकडे, डाव्या हाताला" एवढं लिहिलं. पुढच्याच रविवारी तिथे गाड्यांची रांग होती.

माझं म्हणणं सरळ आहे. विणीच्या काळात हौशी फोटोग्राफरने जागेचं नाव जाहीर लिहू नये. वाडीचं नाही आणि गावाचंही नाही. तालुका लिहिला तरी पुरे.

चिमणीहून लहान पक्षी, वजन वीस ग्रॅमच्या आत. बीळ हातभर खोल, कधी त्याहून जास्त. नर-मादी दोघंही पिल्लांना भरवतात: सापसुरळी, बेडूक, लहानसा खेकडा, कोळी. चोचीतल्या सापसुरळीचं डोकं बाहेरच्या बाजूला असलं तर ती पिल्लांसाठी आहे हे ओळखावं, कारण पिल्लाच्या घशात ती डोक्याकडूनच उतरते. असं भक्ष्य घेऊन पक्षी वेलीवर बसतो, मान खालीवर करतो, बिळाकडे बघतो आणि आत शिरत नाही. समोरच्याला वाटतं, काय झकास पोज मिळाली! अहो, तो खोळंबलाय. तुम्ही उठून जायची वाट बघतोय, आणि आत पिल्लं उपाशी आहेत.

याहून वाईट म्हणजे पार्श्वभूमी मोकळी दिसावी म्हणून बिळावरचा नेचा आणि वेली छाटतात, समोर आयती काटकी रोवतात. तो झाडोरा गेला की बीळ साप आणि घोरपडीसमोर उघडं पडतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्याला उपद्रव देणं शिकारीच्या व्याख्येत येतं. हौशी आहे म्हणून कोणी त्यातून सुटत नाही.

नोंदीचं काय, असं कोणी म्हणेल. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर धोक्यातल्या प्रजातीची नोंद टाकली की नेमकी जागा आपोआप झाकली जाते, वीसेक किलोमीटरचा चौकोन तेवढा दिसतो. अभ्यासाचं काम त्याने अडलेलं नाही. आणि मोबाइलच्या फोटोत अक्षांश-रेखांश चिकटलेले असतात तेही लक्षात ठेवा. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवला तर ते गळतात, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तसेच पुढे जातात.

ओसरी होमस्टे, मंडणगड तालुका

दादा, तळमळ कळते, पण मला हे पटत नाही. आमच्याच तालुक्यातल्या वेळासचं नाव लोकांनी लिहिलं नसतं तर काय झालं असतं? पूर्वी किनाऱ्यावर कासवाची अंडी सापडली की ती खाल्ली जायची, विकली जायची. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने काम सुरू केलं, २००६ पासून कासव महोत्सव भरायला लागला. बाहेरची माणसं आली, घराघरांत राहिली, आमटी-भात आणि उकडीचे मोदक जेवली, चार पैसे गावात राहिले. तेव्हा गावाला कळलं की जिवंत कासवाला किंमत आहे. आज गावातलीच मुलं रात्री पुळणीवर फेरी मारतात. २०२२ च्या जानेवारीत उपग्रहाचा टॅग लावून वेळासहून एक मादी समुद्रात सोडली, तिचं नाव ‘प्रथमा’ ठेवलं. ती कुठवर पोचली ते लोक पेपरात वाचायचे. नाव लपवून हे झालं असतं का?

खाडीकाठ, चिपळूण

ताई, वेळासचं उदाहरण मला मान्यच आहे. पण तिथला क्रम बघा. आधी अंडी उचलून जाळीच्या कुंपणात, हॅचरीत नेली. पिल्लं सोडायच्या वेळा ठरल्या, सकाळ आणि संध्याकाळ. दोरी बांधली. दोरीच्या आत फक्त कासवमित्र, बाहेर तुम्ही-आम्ही, फ्लॅश बंद. मग पाहुण्यांना बोलावणं गेलं. खंड्याचं बीळ उचलून कुंपणात नेता येत नाही. तिथे दोरीही नाही आणि दोरी धरणारा माणूसही नाही. सोय नसताना नाव लिहिणं म्हणजे त्या पक्ष्याला गर्दीच्या तोंडी देणं.

दोडामार्गचो

मालवणीत लिवतंय, सांभाळून घेवा. आमच्या घराच्या पाठल्या दरडीत हो पक्षी माझ्या आज्याच्या वेळेपासून येता. आमी तेका कधी हात लावूक नाय. आता भायले लोक येतत आनि आमकाच सांगतत, बाजूक व्हा, फ्रेममदी येतास.

आता सगळ्यांना कळेल असं लिहितो. खाडीकाठ, तुम्ही म्हणता नाव लिहू नका. पण नाव जाहीर लिहिलं नाही म्हणून ते लपत नाही, ते विकलं जातं. बंद ग्रुपांत लोकेशनचे पैसे घेतात. बाहेरचा टूरवाला बाहेरची गिऱ्हाइकं घेऊन आमच्या पायवाटेने जातो, आणि ज्याच्या आवाटात, म्हणजे घराभोवतालच्या आवारात, घरटं आहे त्याला पत्ता नसतो की समोर कशाचा फोटो काढतायत. गुपित पाळायचं कोणी आणि कोणापासून?

दुसरं तुमच्या ध्यानात आलेलं दिसत नाही. ही बिळं रस्त्याकडेच्या मातीच्या कापात असतात. पावसात पाणी तुंबलं की जेसीबी येतो आणि चर मोकळा करताना दरड खरवडून टाकतो. चालवणाऱ्याला काय ठाऊक आत अंडी आहेत? फोटोग्राफरमुळे एक घरटं जात असेल तर जेसीबीमुळे अख्खी दरड जाते. ग्रामपंचायतीला आणि वाडीला जागा माहीत असेल तरच कोणी चालकाला सांगेल की बाबा, एवढे पाच फूट सोड, गणपतीनंतर काढ. तुमच्या नियमाने हे कसं व्हायचं?

सुरूचं बन, दापोली

जेसीबीचा मुद्दा शंभर टक्के खरा. आमच्याकडे हे डोळ्यांदेखत झालंय.

तारे मोजणारा, रत्नागिरी

मी पक्ष्यांतला नव्हे, रात्रीच्या आकाशातला. तरी हा वाद आमच्याकडेही आहे म्हणून लिहितो, आणि मी नाव लिहिण्याच्या बाजूचा आहे.

आमचा हंगाम तोकडा. मार्च ते मे, उत्तररात्री वृश्चिक आणि धनू वर आले की आकाशगंगेचा गाभा मिळतो. रत्नागिरी १७ अंशांवर, त्यामुळे मे महिन्यात दक्षिणेला क्षितिजाजवळ त्रिशंकूही दिसतो. जूनमध्ये ढग आले की दुकान बंद. २० मिलिमीटरची लेन्स लावून शटर २० सेकंद उघडं ठेवायचं. याच्या फार पुढे गेलं की तारे रेघा ओढायला लागतात. त्या वीस सेकंदांत कोणी गाडीचे दिवे लावले की फ्रेम गेली. खारी हवा अशी की दर थोड्या वेळाने लेन्स पुसावी लागते. पश्चिमेला एलईडी दिवे लावून मासे पकडणाऱ्या बोटींचा पांढरा उजेड ढगांच्या पोटाला लागलेला असतो. केंद्राने त्या मासेमारीवर २०१७ मध्ये बंदी घातली, तरी उजेड आहे तो आहेच.

तरीही मी किनाऱ्याचं नाव लिहितो. अंधार कोणाच्याच हिशेबात नसतो म्हणून तो जातो. सरपंच चांगल्या हेतूने पुळणीवर हायमास्ट, म्हणजे उंच खांबावरचे प्रखर दिवे, लावून घेतात, आणि एकही माणूस म्हणत नाही की इथे अंधार असणं ही गावाची मिळकत आहे. कासवाची पिल्लं उजळ क्षितिजाकडे चालतात. पाठीमागे हायमास्ट असेल तर ती समुद्र सोडून रस्त्याकडे जातात. म्हणजे कासववाल्यांना आणि आम्हाला एकच गोष्ट हवी आहे. "या गावात आकाशगंगा दिसते" असं चार ठिकाणी छापून आलं, तर ग्रामसभेत दिवा खाली तोंड करून लावा असं म्हणायला आधार मिळतो. तारे बघायला माणसं आली म्हणून ताऱ्यांचं काही बिघडत नाही.

सुरूचं बन, दापोली

सर, ताऱ्यांचं बिघडत नसेल, पुळणीचं बिघडतं. लाटा निळ्या चमकतानाचा एक फोटो इकडच्या किनाऱ्याच्या नावासकट फिरला. त्यानंतर आठवड्याभरात तंबू, शेकोट्या, स्पीकर आणि थेट वाळूत उतरवलेल्या गाड्या. कासव घरटं करतं ते भरतीच्या रेषेच्या वर, आणि खालच्या घट्ट ओल्या वाळूवर जायला गाड्याही नेमक्या तिथूनच उतरतात. चाकोरी पडली की अंगठ्याएवढ्या पिल्लाला त्या चरातून वर चढता येत नाही. ते चरातल्या चरात चालत राहतं आणि उजाडलं की कावळे आहेतच. गाडीवाल्यांना तिथे कोण बोलावतं? फोटोवालेच. "परत एकदा, जरा जोरात, पाणी उडू दे" हे मी स्वतः ऐकलंय.

चिखल आणि चाकं, पेण

गाडीवाल्यांचा विषय निघाला म्हणून बोलतो. मी पावसाळी ऑफरोड स्पर्धा आणि रॅली टिपतो. किनाऱ्यावर गाडी घालणाऱ्यांना आमच्यात धरू नका. वाळूत गाडी फिरवून पाणी उडवणं ही स्पर्धाही नाही आणि कौशल्यही नाही. भरती आली की तीच गाडी रुतते, आणि गावकरी ट्रॅक्टर आणून ती ओढतात.

पण आमच्या खेळातून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. रॅलीचा मार्ग कोणी लपवत नाही. हजारो माणसं येणार हे धरूनच चालतात. कुठे उभं राहायचं हे आधी आखलेलं असतं. फित बांधलेली असते, मार्शल शिट्टी घेऊन उभा असतो. वळणाच्या बाहेरच्या अंगाला कोणालाच उभं करत नाहीत, कारण गाडी घसरली तर तिकडेच येते. फोटोग्राफरला वेगळं जाकीट असतं आणि त्याने फित ओलांडली तर जाकीट काढून घेतात. साठांश सेकंदाचं शटर ठेवून गाडीबरोबर कॅमेरा फिरवायचा, चाकं फिरताना दिसली पाहिजेत आणि ड्रायव्हरचं हेल्मेट ठसठशीत. हे फितीच्या मागूनच करावं लागतं आणि मागूनच उत्तम होतं. अंतर पाळल्याने फोटो बिघडतो हे मला कोणी सांगू नये.

म्हणून माझं मत खाडीकाठच्या विरुद्ध आहे. जागा लपवू नका, अंतर आखा. माणसाला नुसतं "येऊ नको" सांगितलं की तो चोरवाटेने येतो.

खाडीकाठ, चिपळूण

मुद्दा जोरदार आहे, आणि त्यातच माझी अडचण आहे. रॅलीला आयोजक असतो, परवाना असतो, मार्शल असतो. भर पावसात सकाळी सहा वाजता ओहोळाच्या काठी शिट्टी घेऊन कोण उभं राहणार? वनखात्याचा एक रक्षक किती गावं सांभाळतो ते आपण सगळे बघतो. शिवाय गाडीला माणसं आवडली नाहीत तर ती शर्यत सोडून जात नाही. पक्षी अंडी सोडून जातो.

दोडामार्गकरांचं मला पटलं. वाडीपासून लपवायचं नाही. घरमालक, पंचायत आणि रस्त्याचं काम करणारा, या तिघांना जागा ठाऊक हवीच. मी म्हणतो ते जगजाहीर करण्याबद्दल.

दोडामार्गचो

शिट्टी घेऊन कोण उभं राहणार म्हणता? आम्ही राहतो की. आमच्या आवाटात, आमच्या दरडीसमोर. माणशी पैसे घेऊ, पावती देऊ, अर्धे घरमालकाला, अर्धे वाडीच्या खात्यात. पंधरा मीटरवर झावळांची आडोशाची खोपी बांधू, तिच्या बाहेर पाय टाकायचा नाही. फ्लॅश नाही, आवाज लावून पक्षी बोलवायचा नाही, वेलीचं पान तोडायचं नाही. तोडलं तर त्याच दिवशी परत पाठवू. पण हे चालायचं तर गिऱ्हाईक आमच्यापर्यंत थेट यायला हवं, आणि त्यासाठी फोटोखाली आमच्या गावाचं नाव हवं. तुम्ही तालुका लिहिलात की टूरवाल्याचा फोन वाजतो, आमचा नाही.

ओसरी होमस्टे, मंडणगड तालुका

अगदी हेच म्हणायचं होतं मला. नाव लिहायचा हक्क फोटो काढणाऱ्याचा नाही, गावाचा. गाव म्हणेल तर लिहा, नाही म्हणेल तर नको.

खाडीकाठ, चिपळूण

ताई, यावर आपलं जुळतं. तरी एक अट मी सोडणार नाही. अंडी उबवण्याचे साधारण १७-१८ दिवस खोपीही नको आणि माणूसही नको. त्या काळात पक्षी उठला की संपलं. पुढे भरवण्याचे वीसेक दिवस असतात, त्यांतला नंतरचा आठवडा मिळाला तरी हौशी माणसाला पुष्कळ आहे. आणि पंधरा मीटर कमी पडतात, पंचवीस करा. आजकालच्या लेन्सना ते जमतं.

दोडामार्गचो

पंचवीस मीटरवर आमच्याकडे ओहोळाचा पलीकडचा काठ येतो, तिथे बसता येईल. उबवण्याच्या दिवसांचं मान्य. पण आत अंडी आहेत की पिल्लं हे बिळात न डोकावता कसं ओळखायचं, ते तुम्ही वाडीतल्या पोरांना येऊन शिकवा.

खाडीकाठ, चिपळूण

चोचीत भक्ष्य घेऊन जोडी दिवसभर सारखी बिळात ये-जा करायला लागली की पिल्लं आहेत. त्याआधी आत जाणारा पक्षी रिकाम्या चोचीने जातो आणि बराच वेळ बाहेर येत नाही. मृगाआधी येतो, पोरांना लांबून दुर्बिणीतून दाखवतो. पंचायतीत मांडायचा ठरावही सोबत बसून लिहू. तुमच्या गावाने नाव लिहा म्हटलं तर तुमच्या गावाचं लिहीन. जिथे असा ठराव नाही, तिथे माझ्या फोटोखाली तालुकाच राहील.