शब्दचर्चा : ठासणीची रायफल, ओतीव गोळी आणि हे 'बोअर' प्रकरण

खर्डेघाशा
मंडळी, ठासणीच्या रायफलींना गोळी कशी निवडायची यावरचा एक मजकूर मराठीत आणायचं काम आलंय. आधी कुणीतरी केलेला कच्चा खर्डा सोबत जोडलाय आणि तो वाचून डोकं गरगरलं. कास्ट बुलेटला 'बिडाची गोळी', ७० ग्रेन पावडरला 'दारूचे सत्तर दाणे', पॅचला 'ठिगळ', ट्विस्टला 'वळण' आणि बोअर, कॅलिबर, गेज तिन्हींना सरसकट 'व्यास'. शब्दकोशात बघून शब्द मिळतील हो, पण जे लोक ही वस्तू हाताळतात ते काय म्हणतात ते हवंय.

जुना फिटर
बिडाची?? अहो बीड म्हणजे कास्ट आयर्न. तसली गोळी ठासली तर नळीच्या आतल्या खाचा खरवडून निघतील आणि मुळात ती आत जाणारच नाही. इथे कास्ट म्हणजे फक्त साच्यात ओतलेली, आणि धातू शिसं. ओतीव गोळी म्हणा, शिशाची ओतीव गोळी. दाबून काढलेली वेगळी, तिला आमच्या लाइनीत कुणी मराठी शब्द वापरत नाही, 'प्रेस केलेली' म्हणतात, तेच लिहा.
आणि ग्रेन हे वजन आहे, एका पौंडात ७००० ग्रेन. दाणे मोजत बसला तर माणूस म्हातारा होईल.

सावंतवाडीकर
आमच्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरच्या ठासणीच्या बंदुका अजून घराघरात आहेत, डुकरं-माकडांसाठी, त्यामुळे शब्द आयते आहेत. नळीत दारू घालून वरनं ठासायची म्हणून ठासणीची, ज्याने ठासायची तो गज, मध्ये चिंधीचा नाहीतर काथ्याचा घालतात तो बोळा, घोड्याखाली बसते आणि दारू पेटवते ती केप, आणि एका वेळी जेवढा माल भरला तो बार. बार भरला, बार काढला, बार फुसका गेला. तुमच्या मजकुरात 'चार्ज' आला की डोळे मिटून 'बार' लिहा.
पण एक सांगतो, या आमच्या बंदुका आतून गुळगुळीत, छर्रे मारायच्या. रायफलीचं गणित वेगळं असणार, त्यातलं मला विचारू नका.

इंडियानावाला
मी विचारायच्या आधीच सांगतो :) इथे अमेरिकेत, इंडियानातल्या फ्रेंडशिप नावाच्या गावात नॅशनल मझल लोडिंग रायफल असोसिएशनचं ठाणं आहे, १९३३ पासूनची संस्था, आणि त्या नादाला लागलेले लोक आमच्या भागात भरपूर आहेत, मी पण त्यातलाच.

पॅच म्हणजे ठिगळ नाही आणि बोळा पण नाही. बोळा दारू आणि छर्ऱ्यांच्या मध्ये दाबतात. पॅच गोळीला खालून आणि बाजूने गुंडाळून येतो, सुती कापडाचा गोल तुकडा, तेल किंवा चरबी लावलेला. मी घरी 'चिंधी' म्हणतो, बायकोलाही कळतं की तिच्या जुन्या चादरीचं काय झालं.

आता साइज बघा. माझी रायफल ०.५० इंची. गोल गोळी घ्यायची ती ०.५० ची नाही, ०.४९० ची. चिंधी ०.०१५ इंच जाड, ती दोन्ही बाजूंना धरली तर बेरीज ०.५२० होते, म्हणजे नळीपेक्षा जास्तच, आणि तेच पाहिजे असतं कारण कापड दाबलं जाऊन खाचांमध्ये शिरतं आणि गोळीला पीळ देतं, शिशाचा नळीला स्पर्शही होत नाही. म्हणजे एकाच बंदुकीत तीन मापं झाली, नळीचं, गोळीचं, चिंधीचं. खर्ड्यात तिन्हीकडे 'व्यास' लिहिला तर वाचणारा ०.५० ची गोळी आणून हातोडीने ठोकत बसेल.

ट्विस्टला मी वर लिहिलं तसं 'पीळ' लिहा. खाचांचा एक पूर्ण फेरा किती लांबीत होतो ते, ४८ इंचात एक पीळ, ६६ इंचात एक पीळ असं. संथ पीळ गोल गोळीला, म्हणजे ६६ किंवा ७२ इंचात एक फेरा. लांबट गोळीला घट्ट पीळ, २८ ते ३२ इंचाच्या आसपास. ४८ वाली मधली, दोन्ही चालवून घेते पण मनापासून एकही नाही (हे माझं मत, इथे यावरून भांडणं होतात).

खर्डेघाशा
वा! पण मग लांबट गोळीला पण 'गोळीच' म्हणायचं? गोळी म्हटलं की गोलच डोळ्यापुढे येते.

इंडियानावाला
ही अडचण फक्त मराठीची नाही, मिनिए गोळीला इंग्रजीतही अजून बॉलच म्हणतात आणि ती आहे निमुळती. 'गोल गोळी' आणि 'निमुळती गोळी' लिहा, भागतं. मिनिए ज्याच्या नावावर आहे तो क्लोद मिनिए फ्रेंच अधिकारी, १८४० च्या दशकाच्या शेवटी त्याने ती आणली. बुडाला पोकळ, नळीपेक्षा किंचित बारीक, म्हणून गजाने सहज खाली जाते आणि बार उडाला की वायूच्या दाबाने बुडाचा घेर फुगून खाचांमध्ये बसतो. चिंधी लागतच नाही.

म्हणूनच इथे शिसं मऊच पाहिजे. शुद्ध शिशाचा कडकपणा ब्रिनेल मापात साधारण ५, आणि लोक गाडीच्या चाकाची जुनी वजनं वितळवतात त्यात अँटिमनी हा कडकपणा आणणारा धातू मिसळलेला असतो, तसलं शिसं जवळपास दुप्पट कडक. तसलं बुड फुगत नाही, गोळी खाचा न पकडता सुटते आणि नेम कुठल्याकुठे. वर तोच साचा वापरला तरी मिश्रधातू कमी आकसतो म्हणून गोळी किंचित मोठी निघते, म्हणजे ठासायलाही जड. चिंधीत गुंडाळलेल्या गोल गोळीला कडक शिसं चालून जातं, निमुळतीला नाही.

दप्तरखाना
उशिरा आलो. या वादात एक शब्द राहिला, गोळी आणि नळी यांच्यामधली फट. इंग्रजीत तिला विंडेज म्हणतात, त्याचं 'वारा'बिरा काही करू नका, मी 'वाव' सुचवतो.

हा वाव किती ठेवायचा यावर १८५७ चा इतिहास अडकलाय म्हटलं तरी चालेल. कंपनीच्या शिपायांकडे आधी जी ब्राउन बेस होती तिची नळी ०.७५ इंच, गुळगुळीत, आणि गोळी ०.६९ च्या आसपास. म्हणजे जवळजवळ दीड मिलिमीटर वाव. नळीत कितीही काजळी साचली तरी गोळी घरंगळत खाली जायची, वंगणाची गरज नाही, नेमाचं मात्र नाव घेऊ नका. मग आली १८५३ ची एनफिल्ड, नळी ०.५७७, तीन खाचा, ७८ इंचात एक पीळ, आणि गोळी ०.५६८. वाव उरला एका इंचाच्या नऊ हजारांश भागाइतका आणि त्यातच कागदही मावला पाहिजे, कारण काडतूस तेव्हा कागदाचंच होतं. एक टोक दाताने फाडून दारू नळीत ओतायची, मग काडतूस उलटं करून वंगण लावलेलं टोक आत घालायचं, उरलेला कागद तोडून टाकायचा आणि गोळी गजाने खाली. म्हणजे वरच्या चिंधीचं काम इथे कागद करत होता. वंगणाशिवाय ती गोळी काजळीतून उतरलीच नसती. डमडम, अंबाला, सियालकोट इथे या रायफलीचं शिक्षण सुरू झालं आणि ते वंगण कशाचं यावरून पुढे काय झालं ते सगळ्यांना माहितीये. नंतर गोळी ०.५५० ची केली, बुडात लाकडी खुंटी आणि वंगणाला मेण. वाव तिपटीने वाढला.

म्हणून तुमच्या मजकुरात 'काडतूस' आलं तर काळ बघा. आज वाचणाऱ्याला पितळी टोपीचं काडतूस दिसतं, इथे कागदी पुडी आहे. एकदा 'कागदी काडतूस' लिहून टाका.

सावंतवाडीकर
वाव झकास. पण मूळ प्रश्न तसाच राहिला की, बोअर आणि कॅलिबर. आमच्याकडे बारा बोअर म्हणजे बारा बोअर, आणि कोणी नुसतं 'बोअर मारली' म्हटलं तर विहीर :)

जुना फिटर
बारा बोअर म्हणजे नळीच्या मापाच्या बारा गोळ्या एक पौंड शिशात होतात. म्हणून आकडा वाढला की नळी बारीक. १२ ची नळी ०.७२९ इंच, २० ची ०.६१५. वरची ब्राउन बेस या हिशेबाने ११ बोअर आणि तिची गोळी पौंडाला १४, एनफिल्ड साधारण २४ बोअर. हे लक्षात ठेवलं की लगेच कळतं गोळी नळीपेक्षा किती बारीक.

दप्तरखाना
आणि आपल्या पेपरवाल्यांनी याची वाट लावलीये. '३२ बोअरचं पिस्तूल', '३१५ बोअरची रायफल' रोज छापून येतं. ते इंचाचे आकडे आहेत, ०.३२ आणि ०.३१५, दशांशचिन्ह गाळलेलं. खऱ्या अर्थाने ३२ बोअर म्हणजे ०.५२६ इंच, भलतंच मोठं भोक. ४१० चं पण तेच, ती ०.४१० इंच, पौंडाच्या हिशेबाने ६७-६८ बोअर होईल. पण लोकांच्या तोंडात बसलंय, परवान्यांवरही तसंच दिसतं, आता कोण बदलणार.

खर्डेघाशा
मग मी असं करतो. पौंडातल्या गोळ्यांचा हिशेब असेल तिथेच 'बोअर', इंचात, म्हणजे कॅलिबर, असेल तिथे 'नळीचं माप' आणि पुढे इंच लिहायचंच, गोळीला 'गोळीचा व्यास', फटीला 'वाव'. कॅलिबर शब्द पहिल्यांदा येईल तिथे एकदा देऊन सोडून देतो. गेज म्हणजे बोअरच ना?

जुना फिटर
हो, अमेरिकेत गेज आणि आपल्याकडे, इंग्लंडात बोअर. एकच.
फक्त 'नळीचं माप' कुठून कुठे ते सांगा. खाचा असतात तशा खाचांच्या मधले उंचवटे पण असतात. ठासणीच्या रायफलीचं माप समोरासमोरच्या उंचवट्यांमधलं धरतात, खाचांचं त्याहून मोठं येतं.

इंडियानावाला
+१, आणि जुनी रायफल असेल तर नळीवर कोरलेल्या आकड्यावर जाऊ नका. बंदूक रिकामी आहे याची आधी खात्री, मग मऊ शिशाचा थोडा जाडसर तुकडा तेल लावून नळीतून ठोकत पलीकडे काढायचा आणि मायक्रोमीटर लावायचा, उंचवटे आणि खाचा दोन्हींची मापं त्यावर उमटलेली मिळतात. इंग्रजीत स्लगिंग म्हणतात, मराठीत मला सुचलं नाही.

जुना फिटर
ठसा घेणे. वर्कशॉपमध्ये आतल्या मापाला हेच म्हणतो आम्ही. 'नळीचा ठसा घ्या आणि मगच साचा विकत घ्या' असं लिहा.