सीमाभागात निवडणूक सुधारणा: आधी मतदार यादी की आधी उमेदवार निवड?

खानापूर_बूथ
निवडणूक सुधारणा म्हटले की सगळे दिल्लीकडे बघतात. माझे मत ठाम आहे: बेळगाव, खानापूर, निपाणीत ती बूथच्या यादीपासूनच सुरू व्हायला हवी, आणि ते काम गावातल्याच चार-पाच जणांनी करायचे आहे.

आपल्या भागाची यादी छापून घ्या आणि घरोघरी वाचा. मयत, गाव सोडून गेलेले, नावच नसलेले, अशा तीन खुणा करा. नवीन नावाला फॉर्म ६, नाव वगळायला ७, पत्ता बदलायला किंवा दुरुस्तीला ८. १८ वर्षे पूर्ण झाली का ते बघायच्या, म्हणजे पात्रतेच्या, वर्षात चार तारखा आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. त्यामुळे कॉलेजच्या पोरांना वर्षभर थांबवायचे कारण नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ सुनांच्या नावांचा. चंदगड-गडहिंग्लजकडची मुलगी लग्न होऊन इकडे येते, नाव माहेरच्या यादीत राहते आणि घरचे इथे फॉर्म ६ भरून मोकळे होतात. त्या फॉर्मवर पहिल्यांदाच नोंदणी करत असल्याचे लिहून द्यावे लागते. ते खोटे ठरले तर १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. योग्य रस्ता फॉर्म ८, जुन्या ओळखपत्राचा क्रमांक घालून. पुण्याला, गोव्याला कामाला गेलेल्यांनाही हेच लागू. ग्रामपंचायतीची यादी आजवर याच यादीवरून निघत आली आहे, म्हणजे इथली चूक तिथेही उतरते.

नंदगडकर
यादी आरशासारखी लख्ख केली तरी २०१८ ला खानापुरात जे झाले ते टळले नसते. सीमाभाग महाराष्ट्रात जावा म्हणून लढणाऱ्या आपल्या महाराष्ट्र एकीकरण समितीच्या दोन गटांचे दोन उमेदवार उभे राहिले. दोघांच्या मतांची बेरीज निवडून आलेल्या काँग्रेस उमेदवारापेक्षा जास्त होती. २०१३ ला हीच जागा समितीकडे होती. यात यादीचा काय दोष? ज्याला जास्त मते तो आमदार, हा नियम आपण इथे बसून बदलू शकत नाही. आपला उमेदवार कसा ठरतो, ते मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे.

गावोगावच्या प्रतिनिधींकडून समितीचा उमेदवार पसंतीक्रमाने निवडा. आपल्या ग्रामपंचायत सदस्यांना ते नवे नाही, विधान परिषदेच्या स्थानिक संस्था मतदारसंघात ते १, २, ३ लिहूनच मत देतात. पहिल्या पसंतीची निम्म्याहून जास्त मते कुणालाच नसतील तर तळाचा बाद करायचा आणि त्याच्या मतपत्रिका दुसऱ्या पसंतीप्रमाणे वाटायच्या. हे मत देणारे प्रतिनिधी मात्र गावागणिक सारखे देऊ नका. कणकुंबी-जांबोटीकडच्या लहान वाड्या आणि नंदगडसारखे मोठे गाव एकाच मापाने मोजले तर पहिल्याच बैठकीत भांडण होईल. दर २०० मतदारांमागे एक प्रतिनिधी, आणि त्यात बायका निम्म्या.

खानापूर_बूथ
२०० मतदार मोजणार कुठल्या यादीवरून? मयतांची नावे धरून?

आणि या निवडीत हरलेल्याला अपक्ष उभे राहण्यापासून कोण अडवणार? विधानसभेला अपक्षाला मतदारसंघातले १० सूचक, म्हणजे नाव सुचवणारे मतदार, लागतात आणि सर्वसाधारण गटात १०,००० रुपये अनामत. एवढे कुणीही जमवतो. तुमच्या निकालाला कायद्याचा आधार नाही.

वकील_चिकोडी
दोघेही मतदानाच्या दिवसाबद्दल बोलत नाही आहात, आणि खरी ढिलाई तिथे आहे. अपक्षालाही प्रत्येक केंद्रावर मतदान प्रतिनिधी नेमता येतो. मतदानाच्या ९० मिनिटे आधी किमान ५० मतांचे चाचणी मतदान होते, त्याला तो हजर हवा. संध्याकाळी केंद्राध्यक्षाकडून फॉर्म १७-सीची प्रत घेतल्याशिवाय उठायचे नाही. एकूण किती मते पडली ते त्यात असते, आणि मोजणीच्या टेबलावर तोच आकडा जुळवायचा असतो. बरेच प्रतिनिधी जेवायला जातात ते परत येत नाहीत.

यादीच्या कामात एक धोका सांगतो. बूथ पातळीवरचे अधिकृत प्रतिनिधी फक्त मान्यताप्राप्त पक्षांना नेमता येतात, बाकीच्यांनी साधे मतदार म्हणूनच अर्ज द्यायचे. म्हणून फॉर्म ७ चे गठ्ठे करू नका. २०२३ च्या निवडणुकीआधी कर्नाटकातल्याच आळंद मतदारसंघात असे ६,०१८ अर्ज आले, तपासात फक्त २४ खरे निघाले. मयताचा दाखला जोडूनच अर्ज द्या. जिवंत माणसाचे नाव निघाले तर आदेशापासून १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील आहे, पण नोटिशीला आधी उत्तर दिलेले असेल तरच ते टिकते.

नंदगडकर
१७-सीचा मुद्दा मान्य. कायद्याच्या आधारावर नाही. निकालाला आधार गावाचा लागतो. प्रत्येक इच्छुकाने या निवडीच्या मतदानाआधीच, सगळ्या प्रतिनिधींसमोर, हरल्यास अर्ज भरणार नाही असे लिहून सही करायची. ज्याची सही नाही त्याचे नाव मतपत्रिकेवर नाही. हे सगळे निवडणुकीच्या अधिसूचनेच्या दोन महिने आधी उरकले पाहिजे. माघारीच्या शेवटच्या दिवशी रात्री मनधरणी करत फिरून आजवर काय साधले ते सगळ्यांना माहीत आहे.

खानापूर_बूथ
मग ती दर २०० मागची गणती आमच्या तपासलेल्या यादीवर करा. जुन्या यादीवर केलीत तर हरलेला पहिला आक्षेप तिथेच घेईल, आणि तो बरोबर असेल.