मंजुरी मिळाली, पण थेरपी सुरूच होत नाही : सल्ला हवा

अंगणवेल :
नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगा दोन वर्षे आठ महिन्यांचा आहे. सात महिने थांबल्यावर मार्चमध्ये त्याचे ऑटिझमचे निदान झाले. एबीए (वर्तन आणि कौशल्ये शिकवण्याची) थेरपी नवऱ्याच्या कंपनीच्या विम्यात बसते असे पहिल्याच फोनवर सांगण्यात आल्यामुळे अवघड भाग संपला, असे आम्हांला वाटले होते. प्रत्यक्षात एप्रिलमध्ये मंजुरी मिळाली ती फक्त मूल्यमापनाची, तीही तीन महिन्यांच्या मुदतीची. आणि जिथे नाव नोंदवले होते त्या केंद्रातल्या बीसीबीए (थेरपीची आखणी आणि देखरेख करणाऱ्या प्रमाणित तज्ज्ञ) जूनमध्ये नोकरी सोडून गेल्या. नव्या येईपर्यंत मुदत संपली. आता केंद्र म्हणते की नवी मंजुरी आणा, आणि विमा कंपनी म्हणते की तो अर्ज केंद्रानेच करायचा असतो. विम्याच्या यादीतल्या चौदा केंद्रांना मी फोन केले. पाच नंबर बंद होते, तिघे हा विमा आता घेत नाहीत, दोघे फक्त पाच वर्षांवरील मुले घेतात आणि उरलेल्या चौघांकडे आठ महिने ते वर्षभराची प्रतीक्षायादी आहे.
अर्ली इंटरव्हेन्शनचे (तीन वर्षांखालील मुलांसाठीच्या सरकारी सेवेचे) आठवड्याला दोन तास मिळतात, पण जानेवारीत त्याला तीन वर्षे पूर्ण झाली की तेही थांबतील. खिशातून आम्ही महिन्याला जास्तीत जास्त ६०० डॉलर देऊ शकतो. आहे त्या केंद्रासाठी थांबावे, की दुसरा काही मार्ग आहे?

निवांत :
ताई, थांबू नका, एवढेच सांगेन. आमच्या मुलीच्या वेळी आम्ही विम्याची वाट न पाहता आठवड्याला पंचवीस तास रोखीने सुरू केले. तीन महिन्यांत अठरा हजार डॉलर गेले, पण मुलीचे ते तीन महिने वाया गेले नाहीत. आमच्या केंद्राच्या संचालिका आम्हांला आजही आदर्श पालक म्हणून इतरांना भेटवतात. पैसे पुन्हा मिळवता येतात.

अंगणवेल :
निवांत, मनापासून धन्यवाद, परंतु ६०० हा आकडा मी विचार करूनच लिहिला आहे.

रानवारा :
तुम्ही डेलावेअर नदी ओलांडून अलीकडे या. पेनसिल्व्हेनियात ठरावीक निकषांत बसणाऱ्या अपंगत्व असलेल्या मुलाला पालकांचे उत्पन्न न पाहता मेडिकेड (सरकारी आरोग्य विमा) मिळते, आणि ते खासगी विम्याच्या जोडीला दुय्यम विमा म्हणून चालते. आम्ही चार वर्षांपूर्वी केवळ यासाठी घर बदलले. नवऱ्याचा प्रवास पाऊण तासाने वाढला, याबद्दल तो अजून बोलतो, पण को-पे (दर भेटीला आपण भरायची रक्कम) शून्य झाला हे सांगायचे विसरतो.

धुके :
रानवारा, मेडिकेडमुळे पैसे देणारा बदलतो, थेरपिस्ट निर्माण होत नाहीत. माझी बहीण तुमच्याच राज्यात आहे आणि मंजूर झालेल्या वीस तासांपैकी तिला अकराच मिळतात, कारण आरबीटी (मुलाबरोबर प्रत्यक्ष काम करणारा थेरपी सहायक) दर तीन महिन्यांनी बदलतो. चाळीस तासांच्या प्रशिक्षणावर माणूस या कामाला लागतो आणि जास्त पगार मिळाला की निघून जातो. मूल मात्र प्रत्येक वेळी नव्या चेहऱ्याशी पहिल्यापासून जुळवून घेते.
अंगणवेल, मंजुरीची मुदत संपण्याचा हा प्रकार आमच्याशीही झाला होता. मी दर सोमवारी फोन करून प्रत्येक वेळी संदर्भ क्रमांक लिहून घेत असे. वही भरली, थेरपी सुरू झाली नाही.

निवांत :
तास कमी मिळत असतील तर भांडून घ्यावेत. चाळीस तासांचे महत्त्व १९८७ मध्येच मानसशास्त्रज्ञ लोवास यांनी एबीएच्या अभ्यासातून सिद्ध केले आहे. त्यांच्या १९ मुलांपैकी ९ मुले सर्वसाधारण वर्गात शिकू लागली.

धुके :
त्या अभ्यासात मुलांची गटवारी चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती, तर थेरपिस्ट उपलब्ध आहेत की नाहीत यावरून केलेली होती, आणि त्या काळच्या पद्धतीत शिक्षेचाही समावेश होता, हेही सांगायला हवे. एबीएतून गेलेली अनेक ऑटिस्टिक माणसे आज तिच्याविषयी कडवटपणे लिहितात, ते एकदा वाचून पाहा. अडीच वर्षांच्या मुलाने आठवड्याला चाळीस तास काम करावे हे मला पटत नाही. माझ्या नवऱ्याचे कार्यालयसुद्धा तेवढेच मागते.

पाणवठा :
मी एका थेरपी केंद्राच्या बिलिंग विभागात नऊ वर्षे काम केले आहे, म्हणून काही गोष्टी क्रमाने सांगते.
पहिली म्हणजे, नवऱ्याच्या कंपनीची योजना 'सेल्फ-फंडेड' आहे का, म्हणजे उपचारांचा खर्च कंपनी स्वतः देते का, हे एचआरला विचारा. तशी असेल तर न्यू जर्सीचा ऑटिझमसंबंधीचा २००९ चा कायदा तिला लागू होत नाही. ती १९७४ च्या एरिसा या केंद्रीय कायद्याखाली येते आणि राज्याच्या विमा खात्याकडे केलेली तक्रार फिरून तुमच्याकडेच येते. मात्र अशा योजनेत पैसे कंपनीचे असतात, त्यामुळे एचआरने मनावर घेतले तर विमा कंपनी हलते.
दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. तुम्हांला आजवर कोणीही 'नाही' म्हटलेले नाही, आणि खरी अडचण तीच आहे. नकार मिळाला तर १८० दिवसांत अपील करता येते, तेही फेटाळले गेले तर वैद्यकीय निर्णयाच्या बाबतीत बाहेरच्या तज्ज्ञांकडून फेरतपासणी मागता येते. नुसत्या विलंबावर मात्र अपील करता येत नाही. म्हणून फोन थांबवा आणि पत्र लिहा. त्या चौदा केंद्रांची नावे, तारखा आणि मिळालेली उत्तरे त्यात मांडा, आणि नेटवर्कमध्ये (म्हणजे विम्याच्या यादीत) कोणी उपलब्ध नसल्यामुळे बाहेरच्या बीसीबीएला नेटवर्कच्याच दराने मान्यता द्या, अशी मागणी करा. याला 'गॅप एक्सेप्शन' म्हणतात. ते मंजूर झाले तर त्या एका मुलापुरता 'सिंगल केस अॅग्रीमेंट' होतो. नाकारले, तर तुमच्या हातात लेखी नकार येतो.

धुके :
माझ्या वहीचा उपयोग आता कळला. ही गोष्ट मला दोन वर्षांपूर्वी कोणी सांगितली असती तर बरे झाले असते.

निवांत :
मीही हेच म्हणत होतो की थांबू नये.

पाणवठा :
एक राहिले. योजनेची मूळ कागदपत्रे लेखी मागा. ती ३० दिवसांत द्यावी लागतात आणि दिली नाहीत तर न्यायालय दिवसाला ११० डॉलरपर्यंत दंड लावू शकते. शारीरिक उपचारांच्या तुलनेत मानसिक आरोग्याच्या उपचारांवर अधिक कडक अटी घालता येत नाहीत असा २००८ चा कायदा आहे, आणि २०२१ पासून विमा योजनांना दोन्ही प्रकारच्या अटींचे तुलनात्मक विश्लेषण लेखी तयार ठेवावे लागते. तेही त्याच पत्रात मागा. पत्रात हे शब्द दिसले की ते ग्राहक सेवेच्या टेबलावर फार काळ राहत नाही.

सायलीची_आई :
शाळेविषयी अजून कोणी लिहिले नाही याचे आश्चर्य वाटते. तीन वर्षे पूर्ण होण्यापूर्वी किमान ९० दिवस अर्ली इंटरव्हेन्शनने संक्रमणाची (मुलाला शाळेच्या सेवांकडे सोपवण्याची) बैठक घ्यायची असते, म्हणजे तुमच्याकडे फार दिवस उरलेले नाहीत. स्कूल डिस्ट्रिक्टच्या चाइल्ड स्टडी टीमला (विशेष शिक्षणासाठी मुलाची तपासणी करणाऱ्या गटाला) आजच पत्र द्या. न्यू जर्सीत पत्र पोहोचल्यापासून २० दिवसांत पहिली बैठक आणि तुमच्या संमतीपासून ९० दिवसांत आयईपी (मुलासाठीची वैयक्तिक शिक्षण योजना) लागू, असा नियम आहे. शाळेच्या वर्गाला विमा लागत नाही. फक्त शाळेने केलेले वर्गीकरण विमा कंपनी वैद्यकीय निदान म्हणून बहुधा मानत नाही, त्यामुळे मार्चचा अहवाल जपून ठेवा.

रानवारा :
शाळा चांगल्या आमच्याकडेही आहेत.

निवांत :
शाळेत वर्ग मिळाला तरी केंद्राच्या रांगेतून नाव काढू नका. काही केंद्रे आठवड्याला किमान तीस तास मागतात, तेव्हा गरज पडली तर शाळा सोडावी.

पाणवठा :
रांग सोडू नये, हे माझेही मत आहे. आणि पत्राचे उत्तर येईपर्यंत नेटवर्कबाहेर खिशातून काही सुरू करू नका, कारण सोय झालेली आहे असे समजून तुमची फाइल मागे पडते. हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे.

सायलीची_आई :
याला अनुमोदन. रांग सोडू नका.

अंगणवेल :
सर्वांचे आभार. तीन आठवड्यांनी लिहिते आहे.
योजना सेल्फ-फंडेडच निघाली. पाणवठा यांनी सांगितले तसे पत्र विमा कंपनीला आणि एचआरला पाठवले. एचआरमधल्या बाईंना आपल्याच योजनेची यादी इतकी जुनी आहे हे ठाऊक नव्हते. उत्तर अजून आलेले नाही. शाळेचे पत्रही दिले असून पहिली बैठक पुढच्या मंगळवारी आहे.
केंद्राच्या रांगेतून मात्र मी नाव काढले. तिथली जागा मिळाली असती तर तीस तासांच्या अटीमुळे शाळेचा वर्ग सोडावा लागला असता. ज्या केंद्रात एक बीसीबीए गेल्याबरोबर सगळे थांबले, तिथे पुन्हा तेच होणार नाही याची हमी त्यांना देता आली नाही. नेटवर्कबाहेरच्या एक बीसीबीए तासाला १२५ डॉलर घेतात. त्यांच्याकडून महिन्याला चार तास आम्ही दोघे पालक म्हणून शिकायला सुरुवात केली आहे, मुलाबरोबर काम आम्हीच करतो. महिन्याला ५०० डॉलर होतात. यामुळे फाइल मागे पडू शकते, हे पाणवठा यांचे म्हणणे मला मान्य आहे.
काल त्याने पाणी हवे म्हणून माझा हात धरून फ्रिजवर ठेवण्याऐवजी पेल्याचे चित्र उचलून दिले.

निवांत :
अभिनंदन. तरीही रांग सोडायला नको होती.

पाणवठा :
पत्र पोहोचल्याची पावती जपून ठेवा, आणि त्या बीसीबीएंकडून दर महिन्याला 'सुपरबिल' (विमा कंपनीला दाखवायचे तपशीलवार बिल) मागून घ्या. गॅप एक्सेप्शन मागच्या तारखेपासून मंजूर झाले, तर त्यावर पैसे परत मागता येतील.