शब्दचर्चा: ‘जेनेटिक मार्कर’ म्हणजे जनुकीय, आनुवंशिक, की नुसती खूण?

शारदा, खानापूर
‘जेनेटिक मार्कर’ला (जनुकांतली अशी गोष्ट, की जिच्यावरून आजाराबद्दल काही कळतं) घरात बोलता येईल असा मराठी शब्द हवा आहे. का हवा, ते सांगते.

माझ्या मावशीच्या छातीतल्या गाठीचा तुकडा तपासायला पाठवला होता. कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी चिठ्ठीवर पुढची एक चाचणी लिहून दिली, तिच्याखाली इंग्रजीत हे दोन शब्द होते. घरात इंग्रजी वाचणारा एकच, तिचा पुतण्या, कन्नड माध्यमात शिकलेला. त्यानं वाचून सांगितलं, “वंशातला आजार हाय म्हणून लिवलंय.” मावशीला दोन मुली आहेत, थोरलीचं लग्न ठरायलंय. गाठ आहे हे कळल्यावर न खचलेली बाई या एका वाक्यानं खचली. दोन दिवस धड जेवली नाही. पुढच्या खेपेला डॉक्टरांना विचारलं, तर तसं काही नव्हतंच.

कोशात ‘जनुकीय चिन्हक’ आणि ‘आनुवंशिक चिन्हक’ दोन्ही सापडतात. यातलं मावशीला काय सांगू?

निपाणीचे मास्तर
शारदाताई, पुतण्याला दोष देऊ नका. तो शाळेत शिकला तोच अर्थ त्यानं सांगितला. कन्नडात जीनला ‘वंशवाहि’ म्हणतात, वंश वाहून नेणारी. मग ‘जेनेटिक’ वाचल्याबरोबर त्याच्या मनात वंशच येणार. आपल्या ‘जनुक’ शब्दात ‘जन्’ धातू आहे, वंश नाही, ही मराठी शब्दाची चांगली बाजू. पण ‘आनुवंशिक’ लिहिलं की आपणही तिथंच जाऊन पोचतो. सीमाभागातली आपली मुलं दोन्ही भाषांतून विज्ञान शिकतात, त्यामुळं हा फरक इथं जास्त जपायला हवा. माझं मत: या जागी ‘आनुवंशिक’ नकोच.

चिक्कोडीची अक्षता
मी बंगळूरला कॅन्सरच्या जनुकांच्या आकडेमोडीचं काम करते, म्हणून जरा लांबण लावते.

मास्तर, ‘आनुवंशिक’ सरसकट काढता येणार नाही. ते एका जागी अगदी बरोबर बसतं. १९९० साली अमेरिकी शास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग यांनी ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या हा आजार दिसत होता त्या घरांचा अभ्यास करून दाखवलं, की त्यामागचं एक जनुक १७व्या गुणसूत्रावर आहे. तेच बीआरसीए१. १९९४ मध्ये ते जनुक प्रत्यक्ष हाती आलं. त्यातला बिघाड जन्मापासून शरीरातल्या प्रत्येक पेशीत असतो, रक्त तपासून कळतो आणि मुलगा असो की मुलगी, प्रत्येक अपत्यात जाण्याची शक्यता निम्मी असते. पण स्तनाच्या कॅन्सरपैकी असे वारशानं आलेले साधारण ५ ते १० टक्केच. बाकीच्यांत जनुकांतले बदल आयुष्यात कधीतरी झालेले आणि त्या गाठीपुरतेच असतात. ते लेकीकडं जात नाहीत.

म्हणून मी घरी फोनवर बोलताना दोन वेगळे शब्द वापरते: पिढीजात खूण आणि गाठीतली खूण. आईला पहिल्याच वेळी कळलं.

आता ही गाठीतली खूण शोधतात कशी, कारण शब्द तिथंही अडतो. माणसात प्रथिनं घडवणारी जनुकं सुमारे २०,०००. गाठीच्या तुकड्यात त्यातलं कोणतं किती जोरात चालू आहे ते मोजलं, की एका बाईमागं २०,००० आकडे. शंभर बायकांचे आकडे शेजारी शेजारी मांडायचे, कुणाचा आजार परत आला ते पुढं लिहायचं आणि संगणकाला विचारायचं, परत आलेल्यांत वेगळं काय दिसतंय? तो उत्तर देतोच, आणि घोळ तिथंच आहे. शंभरात पाच वेळा योगायोगानं फसलो तरी चालेल अशी सूट ठेवली, तर काहीही संबंध नसलेली १,००० जनुकं ‘सापडतात’. ही सूट कडक केली तरी भागत नाही. २०११ मध्ये काही संशोधकांनी दाखवून दिलं, की जेवणानंतरच्या हसण्याशी जोडलेल्या जनुकांची यादी घेतली, तरी तीही या कॅन्सरचा पुढचा प्रवास सांगते असं आकड्यांत दिसतं! कारण असं: गाठीतल्या पेशी भराभर वाढायला लागल्या की हजारो जनुकं एकदमच जागी होतात. खानापूरच्या रानात पाऊस पडल्यावर कोणतंही पान तोडून दाखवा, ते हिरवंच. पाऊस झाला हे खरं, पण तो त्या पानामुळं झाला नाही.

त्यामुळं मला मराठीतली दोन जुनी क्रियापदं फार मोलाची वाटतात. खूण सापडणे आणि खूण पटणे. सापडते ती संगणकावर. पटते ती दुसऱ्या गावच्या, दुसऱ्या दवाखान्यातल्या, त्या हिशोबात कधीच नसलेल्या बायकांवर तपासल्यावर. बातम्यांत ‘नवा मार्कर सापडला’ असं येतं तेव्हा मी आधी बघते, पटला का? २१ जनुकांची एक चाचणी आहे: १६ आजाराशी निगडित, ५ तुलनेसाठी. ती १०,००० हून जास्त बायकांवर पारखली गेली आणि २०१८ मध्ये निकाल आला, की संप्रेरकाला (हार्मोनला) प्रतिसाद देणारी, हर-टू (गाठ झपाट्यानं वाढवणारं एक प्रथिन) जास्त नसलेली आणि काखेत न पसरलेली गाठ असेल, तर या चाचणीत धोक्याचे मधले गुण आलेल्या बहुतेक बायकांना केमोचा जास्तीचा फायदा नाही, गोळ्या पुरतात. पन्नाशीच्या आतल्या काही जणींची गोष्ट वेगळी. केमो टळणं म्हणजे काय, ते ज्या घरात केमो झालीय त्यांना विचारा.

अजून एक. बंगळूरात तयार झालेली कॅनअसिस्ट ब्रेस्ट ही चाचणी जनुकं बघतच नाही, पाच प्रथिनं बघते आणि गाठीचा आकार वगैरे धरून संगणक धोका सांगतो. तिला ‘जनुकीय’ म्हणणं चूक. ‘गाठीतली खूण’ मात्र चालतं.

वाचक, बेळगाव
‘चिन्हक’ पाठ्यपुस्तकात राहू द्या. तिथं नेमका शब्द लागतो. ‘खूण’ फार सैल आहे, बांधाच्या दगडालाही आपण खूणच म्हणतो.

सिस्टर, निवृत्त
बांधाचा दगड म्हणूनच ‘खूण’ मला पटते. दगड शेत पिकवत नाही, हद्द कुठं ते सांगतो. मार्करचंही तसंच.

‘लक्षण’ मात्र कुणी वापरू नका. लक्षण बाईला जाणवतं, ही खूण तिला जाणवत नाही. आणि ‘पॉझिटिव्ह’ शब्द जपून. वॉर्डात मी कितीदा बघितलंय, ‘पॉझिटिव्ह’ ऐकलं की बाई पदर डोळ्याला लावते. हर-टू थ्री प्लस, म्हणजे तपासणीत हर-टू भरपूर दिसणं, ही पूर्वी वाईटच बातमी होती, गाठ झपाट्यानं वाढायची. १९९८ मध्ये अमेरिकेत ट्रास्टुझुमॅबला मान्यता मिळाली आणि तीच खूण ‘हे औषध लागू पडेल’ असं सांगायला लागली. संप्रेरकाच्या पॉझिटिव्हचंही तसंच, गोळ्या लागू पडतात. म्हणून मी म्हणायची, “बाई, औषधाला खूण मिळालीय.” हर-टू टू प्लस आलं तर “खूण अर्धवट दिसतीय, परत तपासूया.” ‘पॉझिटिव्ह-निगेटिव्ह’पेक्षा हे त्यांना लवकर कळायचं.

शारदा, खानापूर
सगळ्यांचे मनापासून आभार. सिस्टर, तुमचं वाक्य तसंच्या तसं सांगितलं. अक्षता, तुझे दोन शब्द एका कागदावर लिहून दिले, एकाखाली एक. पुतण्यानं त्याच्यापुढं कन्नडात अर्थ लिहिला. घरात आधी कुणाला हा आजार होता का, ते डॉक्टरांनी आजी-आत्यांपर्यंत विचारून घेतलं, कुणाला नव्हता. तरी पिढीजात खुणेसाठी रक्त तपासायचं का, ते पुढच्या भेटीत ठरेल.

आज सकाळी मावशीचाच फोन आला. “गाठीतल्या खुणंचं काय आलं गं?” रिपोर्टला अजून आठवडा आहे म्हटलं.