तीन खाचांचा लाकडी ठोकळा: हे नेमकं कशाचं हत्यार?

गडगा
मालवण तालुक्यातलं एक जुनं घर उतरवताना पोटमाळ्यावर ही वस्तू मिळाली. फोटो चढत नाहीये, म्हणून मापं देतो. आकार भोवऱ्यासारखा, पण खाली आर नाही आणि आर बसवल्याचं भोकही नाही. लांबी 17 सेंमी. जाड टोकाचा व्यास 9 सेंमी, बारीक टोकाचा साधारण साडेचार. जाड टोकापासून बारीक टोकापर्यंत सारख्या अंतरावर तीन उभ्या खाचा आहेत, प्रत्येक 11 मिमी रुंद आणि तळाला गोलसर. खाचांच्या आत लाकूड आरशासारखं गुळगुळीत, बाहेर मात्र तासणीचे घाव जसेच्या तसे. जाड टोकाच्या बाजूला एक आडवं आरपार भोक आहे. ते खाचांच्या मधून काढलंय, एकाही खाचेला छेदत नाही. भोकात मोडक्या काठीचा तुकडा अडकलाय. लाकूड काळसर, वजन अर्ध्या किलोच्या आसपास. आजूबाजूला विचारलं तर कुणी भोवरा म्हणतं, कुणी जाळ्याचा तरंड, म्हणजे जाळं तरंगत ठेवायचा ठोकळा. नक्की काय असावं?

खळं-अंगण
रवीचं डोकं असणार. मोठ्या डेऱ्यात ताक घुसळायची. आडव्या भोकात खुंटी मारून दांडा पक्का करत असतील.

शीड-वल्हं
रवी नाही. रवीचा दांडा उभा, मधोमध बसतो. इथे मधून उभं भोकच नाही, मग दांडा बसणार कुठे? आणि रवीच्या खाचा तळाशी फाकलेल्या असतात, या तर तळाशी एकत्र येतायत. तरंडही नव्हे. तरंडाला हलकं लाकूड लागतं, अर्ध्या किलोचं काळं लाकूड कोण बांधेल जाळ्याला?

हा तीनपदरी दोर वळायचा ठोकळा आहे. एकेका खाचेत एकेक पदर बसतो. तिन्ही पदर बारीक टोकाशी एकत्र येतात आणि तिथेच त्यांचा दोर होतो. आडव्या भोकातली काठी म्हणजे माणसाने धरायची मूठ.

काम असं चालतं. एका टोकाला खांबात रोवलेली फळी, तिच्यात फिरवायच्या तीन आकड्या. दुसऱ्या टोकाला एकच आकडी, पण ती सुट्या पाटावर, आणि पाटावर दगडाचं वजन. पाट घसरता हवा. पदराला पीळ बसला की तो आखडतो. दोन्ही टोकं पक्की असली तर एकतर पदर तुटेल नाहीतर खांब हलेल. तिन्ही पदर एकाच वेळी, सारखेच पिळायचे. पाट पुढे सरकू लागला की ठोकळा एकट्या आकडीजवळ पदरांच्या मध्ये घालायचा, बारीक टोक एकट्या आकडीकडे. मग ती एकटी आकडी उलट दिशेला फिरवायची. ठोकळ्याच्या मागे दोर बंद होत जातो, म्हणजे पदर एकमेकांवर वळत जातात, आणि तोच ठोकळ्याला तीन आकड्यांकडे ढकलतो. ठोकळा ओढायचा नसतो, फक्त आवरायचा असतो.

अख्खी कारागिरी या आवरण्यात आहे. ठोकळा मागे दाबून धरला तर दोर घट्ट आणि ताठ होतो, वाळूत घासला तरी लवकर झिजत नाही, पण गुंडाळताना वळत नाही. मोकळा सोडला तर दोर मऊ आणि सैल. सैल दोरात वाळू शिरते आणि आतूनच तंतू कापत जाते. बाहेरून दोर चांगला दिसतो आणि ओढताना तुटतो.

तीन आकड्या शेवटपर्यंत फिरवत राहायचं, हे पुष्कळजण विसरतात. दोर बंद होताना पदरांचा पीळ उलगडत असतो, तो भरून काढावा लागतो. आकड्या थांबवल्या की शेवटची दोन-तीन मीटर लांबी पोकळ निघते.

रंधा-पटाशी
वरच्याशी सहमत. खाचेच्या मापावरून दोराची जाडीही काढता येते. सारख्या जाडीचे तीन पदर एकत्र आले की दोराची जाडी पदराच्या सुमारे 2.15 पट होते. खाच 11 मिमी म्हणजे पदर 9 ते 10 मिमीचा, दोर 19 ते 21 मिमीचा. पाऊण इंच किंवा त्याहून अंमळ जाड. होडीच्या नांगराला, होडी ओढायला किंवा रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या, टोकांना चालेल असा. गुरांच्या दाव्यासाठी एवढं जाड कुणी वळणार नाही.

हा ठोकळा तीनपदरीच दोराचा, हेही पक्कं. चारपदरी दोराच्या ठोकळ्याला चार खाचा असतात, आणि बहुतेक वेळा मधून उभं भोकही. चार पदरांच्या मध्ये पोकळी राहते, ती भरायला आतून एक बारीक दोरी सोडतात. तीन पदर एकमेकांना टेकून बसतात, तिथे ती लागत नाही.

गडगा, कॅलिपर असेल तर तिन्ही खाचांची खोली बारीक टोकाशी मोजा. काथ्या खरखरीत, लाकूड खातो, आणि सगळ्यात जास्त दाब तिथेच येतो. एक खाच जास्त खोल निघाली तर त्या खाचेतला पदर ढिला राहतो आणि उरलेल्या दोघांवर वेटोळे घालत बसतो. असा दोर हातातून सरकवला की उंचवटा लागतो. सगळा भार दोनच पदरांवर, म्हणून तुटतोही लवकर.

गडगा
मोजलं. दोन खाचा 9 मिमी खोल, तिसरी साडेदहा. आणि शीड-वल्हं यांनी फळीचं लिहिलंय ते वाचून गोठ्यात गेलो. तीन भोकांची एक जाड फळी तिथे खुंट्यांची म्हणून भिंतीला ठोकलेली आहे! भोकांना आतून लोखंडाचा गंज लागलाय. आकड्या मात्र नाहीत.

आता हे वापरून पाहता येईल का? बाजारातलं सुंभ (काथ्याची दोरी) चालेल?

शीड-वल्हं
फळी तीच. आणखी एक तीन भोकांची पातळ फळी मिळते का पाहा. ती तिन्ही आकड्यांच्या मुठींवर बसते, म्हणजे एकाच हाताने तिन्ही सारख्या फिरतात. आकड्या लोहाराकडून 10 मिमी सळीच्या करून घ्या.

सुंभ चालेल, पण कुजवलेल्या सोडणाचं (नारळाच्या सालीचं) घ्या. खाडीच्या चिखलात महिनोन्‌महिने मुरलेल्या सोडणाचा काथ्या सोनेरी आणि लवचिक असतो. न कुजवता यंत्रावर काढलेला तपकिरी काथ्या ताठ, पिळताना कडाकड तुटतो.

हिशोब: 3 मिमीचं सुंभ, पदराला 7 धागे. एक मधे आणि सहा भोवती, म्हणजे पदर गोल बसतो आणि 9 मिमीचा होतो. 20 मीटर दोर हवा तर पदर 30 मीटर धरा, कारण पिळात साधारण तिसरा हिस्सा लांबी जाते. 21 धागे गुणिले 30, म्हणजे 630 मीटर सुंभ. वर थोडं गाठींसाठी. पहिल्यांदा करताय तर 5 मीटरचाच करा, एवढं सुंभ फुकट घालवू नका.

सगळे धागे सारखे ताणून बांधा. सुंभ आदल्या रात्री ओलं करून ठेवा, भिजून चिंब नको. पदराला पीळ सुंभाच्या उलट, आणि दोराला पदराच्या उलट. हे चुकलं तर सुंभ करकचून जागोजाग गाठी पडतात आणि दोर ताणमुक्त केला की स्वतःच गुंडाळतो. तयार दोर ओला करून वजन टांगून ताणात वाळवा. पीळ बसतो. सुंभाच्या म्हणीतला पीळ फुकटचा नाही.

खळं-अंगण
रवी मागे घेतली. ती खोल खाच कशी दुरुस्त करायची?

रंधा-पटाशी
त्या खाचेत काही भरू नका, लुकण किंवा एपॉक्सी काथ्याखाली टिकणार नाही. उरलेल्या दोन खाचा गोल कानसीने दीड मिमी खाली न्यायच्या, एवढंच. पण ती झीज हीच या हत्याराच्या वापराची खूण आहे, म्हणून मी मूळ ठोकळ्याला हात लावणार नाही. त्याच मापाचा दुसरा बाभळीचा कातून घ्या, बारीक टोकाशी खाचांच्या कडा गोल मारा, धारदार राहिल्या तर तंतू उचकटतात. जुन्याला पॉलिश पेपर नको, व्हार्निश नको, खोबरेलही नको, ते वाळत नाही आणि धूळ धरतं. कोरड्या ब्रशने साफ करून जवसाच्या तेलाचा एक पातळ हात पुरे. भोकातला काठीचा तुकडा काढू नका, त्यावरून मुठीची जाडी कळते.