खाऱ्या पाण्यातील ५.७ लिटर व्ही-८ बोट इंजिनासाठी सिलिंडर हेड कोणते घ्यावे?

गोदाकाठ (नाशिक):

नमस्कार. माझ्या एकोणीस फुटी बोटीचे इंजिन सध्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये स्टँडवर चढवलेले आहे. बोट मांडव्याला असते, म्हणजे ती कायम खाऱ्या पाण्यातच चालते. इंजिन शेव्हरोलेच्या ३५० घन इंची स्मॉल ब्लॉकवर आधारलेले, व्हॉर्टेक हेड (याच इंजिनाची नंतरची, सुधारित हेड) येण्यापूर्वीच्या काळातील आहे, बोअर १०१.६ मिलिमीटर आणि स्ट्रोक ८८.४ मिलिमीटर. बोअर अजून मूळ मापातच आहेत आणि होनिंगवर काम भागेल असे फिटरचे मत आहे. हेडची अवस्था मात्र वाईट आहे. ७६ सीसी चेंबरच्या मूळ बिडाच्या हेडमध्ये दोन ठिकाणी इनटेक आणि एक्झॉस्ट सीटच्या मधल्या पट्टीवर भेगा दिसल्या, त्यामुळे ती पुन्हा बसवण्याची माझी इच्छा नाही.

इंजिन उतरवलेच आहे, तर त्याची ताकदही थोडी वाढवावी असा विचार आहे. माझ्यासमोर दोन पर्याय आहेत. पहिला, २१० सीसी इनटेक पोर्टची अ‍ॅल्युमिनियमची हेड; ती वजनाला हलकी आहेत आणि त्यांच्या प्रवाहाचे आकडे फार चांगले दिसतात. दुसरा, व्हॉर्टेक धाटणीची बिडाची हेड, ज्यांचे चेंबर ६४ सीसीचे आणि इनटेक पोर्ट सुमारे १७० सीसीचे असते. इंजिन थंड करण्यासाठी सध्या समुद्राचे पाणी थेट ब्लॉकमधून फिरते. पूर्ण थ्रॉटलला ४४०० ते ४८०० आर.पी.एम. ही उत्पादकाने दिलेली मर्यादा आहे. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

मशिनशॉप_सातपूर:

आपण शेवटी लिहिलेली आर.पी.एम.ची मर्यादा मी सर्वांत आधी वाचली, कारण हेडची निवड तिथूनच सुरू होते. प्रवाहाच्या तक्त्यातील मोठा आकडा बहुधा मोठ्या लिफ्टवरचा, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त उघडलेला असतानाचा असतो, आणि ज्या इंजिनाला ४८००च्या पुढे जायचेच नाही त्याला तो आकडा फारसा उपयोगी पडत नाही. पोर्ट मोठे झाले की त्याच आर.पी.एम.ला हवेचा वेग मंदावतो, सिलिंडर नीट भरत नाही आणि ३००० ते ३५०० च्या दरम्यान, म्हणजे बोट पाण्यातून वर उचलली जाण्याच्या नेमक्या वेळी, टॉर्क कमी पडतो. मोटारीत माणूस अशा वेळी गिअर खाली टाकतो. बोटीत ती सोय नाही. आपल्या कामासाठी १७० ते १९० सीसीचे पोर्ट पुरेसे आहे आणि २१० सीसीचे हेड घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट सततच्या भाराची. मोटारीचे इंजिन चढ संपला की श्वास घेते, पण बोटीचे इंजिन अर्धा-अर्धा तास एकाच भारावर ओढत राहते आणि त्याचा सगळा ताप एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि त्याच्या सीटवर येतो. म्हणून हेड कोणतेही घ्या, एक्झॉस्टला कठीण सीट आणि निकेल मिश्रधातूचे, म्हणजे इन्कोनेलचे, व्हॉल्व्ह बसवून घ्या. एक्झॉस्ट सीटची रुंदी शर्यतीच्या इंजिनासारखी बारीक करू नका, कारण व्हॉल्व्हची उष्णता मुख्यतः त्या सीटमधूनच हेडमध्ये उतरते.

व्हॉर्टेक धाटणीची हेड घेणार असाल तर काही कामे आधीच करून घ्यावी लागतील. मूळ स्थितीत ही हेड सुमारे ४६० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे ११.७ मिलिमीटर लिफ्टपर्यंतच चालतात. त्यापुढे रिटेनर (स्प्रिंग धरणारी टोपी) सीलवर आदळतो, म्हणून गाइडचा, म्हणजे व्हॉल्व्हचा दांडा ज्यात सरकतो त्या नळीचा, माथा कापावा लागतो. रॉकरचे स्टड दाबून बसवलेले असतात आणि कडक स्प्रिंग लावल्यावर ते वर सरकू शकतात, तेव्हा आट्यांचे स्टड बसवावेत. आपले जुने इनटेक मॅनिफोल्डही चालणार नाही, कारण त्याला बारा बोल्ट असतात आणि या हेडला आठ, तेही वेगळ्या कोनात. वापरलेली हेड स्वस्त मिळाली तरी प्रेशर टेस्ट केल्याशिवाय पैसे देऊ नका.

दर्यावर्दी:

वरील उत्तराशी मी सहमत आहे, फक्त खाऱ्या पाण्याचा मुद्दा अधिक ठामपणे मांडू इच्छितो. समुद्राचे पाणी थेट ब्लॉकमधून फिरत असेल, तर अ‍ॅल्युमिनियमच्या हेडचा विचार सोडून द्यावा. बीड, अ‍ॅल्युमिनियम आणि त्यांच्यामध्ये खारे पाणी, म्हणजे एक बॅटरीच तयार होते आणि त्यात झीज अ‍ॅल्युमिनियमचीच होते; आधी गॅस्केटच्या कडेला पाण्याच्या वाटा कुरतडल्या जातात आणि मग पाणी सिलिंडरमध्ये उतरते. हीट एक्स्चेंजर (समुद्राच्या पाण्याने बाहेरच कूलंट थंड करणारा भाग) लावून ब्लॉक आणि हेडमध्ये कूलंट फिरवणार असाल तर गोष्ट वेगळी. पण त्या खर्चातून वाचणार काय, तर दोन्ही हेड मिळून पंधरा ते वीस किलो वजन. हीट एक्स्चेंजर मात्र बिडाच्या हेडसाठीही जरूर बसवा, इंजिनाचे आयुष्य त्याने खरोखर वाढते.

हेडबरोबर कॅमशाफ्टही बदलणार असाल तर एक धोका आधीच लक्षात घ्या. बोटीच्या एक्झॉस्टमध्ये कोपराजवळ पाणी सोडलेले असते. कॅमचा ओव्हरलॅप, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे राहण्याचा काळ, जास्त असेल तर आयडलिंगला एक्झॉस्टमधला दाब उलटतो आणि ते पाणी हळूहळू सिलिंडरकडे ओढले जाते. माझ्या स्वतःच्या इंजिनात हे घडले होते. हेड उतरवले तेव्हा सात नंबरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या दांड्यावर, गाइडच्या अगदी खाली, नारिंगी गंजाचे कडे बसले होते. बोटाने चाचपले तर खरखरीत लागत होते, आणि व्हॉल्व्ह हाताने वर ढकलला तर तो अर्ध्यातच अडकत होता. इंजिन तेव्हा जेमतेम चाळीस तास चालले होते. मी मोटारीसाठी बनवलेला कॅम निवडला होता, ही चूक माझीच होती. तेव्हापासून इनटेक आणि एक्झॉस्ट लोबमधला कोन ११२ अंशांपेक्षा कमी असलेला, म्हणजे जास्त ओव्हरलॅपचा, कॅम मी बोटीत घालत नाही आणि एक्झॉस्टचे रायझर (मॅनिफोल्डवरचे उभे नळ) उंच ठेवतो. हेड गॅस्केटही स्टेनलेस स्टीलच्या गाभ्याची, सागरी वापराचीच घ्यावी.

गोदाकाठ (नाशिक):

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. अ‍ॅल्युमिनियमचा विचार सोडला, हीट एक्स्चेंजर बसवण्याचे ठरवले आणि व्हॉर्टेक धाटणीच्या बिडाच्या हेडची वापरलेली जोडी प्रेशर टेस्ट करून घेतली, भेगा नाहीत. रविवारी चेंबर मोजले. कडेला ग्रीस लावून त्यावर छिद्र पाडलेली अ‍ॅक्रिलिकची काच दाबली आणि ब्युरेटमधून रंगवलेले रॉकेल थेंबाथेंबाने सोडले. एका हेडची चारही चेंबर ६४ सीसीच्या आसपास भरली, दुसऱ्याची मात्र ६२ वरच भरली, म्हणजे ते पूर्वी कधीतरी घासलेले असावे. पिस्टन सपाट माथ्याचे असून व्हॉल्व्हच्या खाचा ५ सीसीच्या आहेत, आणि वरच्या टोकाला पिस्टन ब्लॉकच्या माथ्यापासून २५ थाऊ खाली राहतो. गॅस्केट दाबल्यावर ४१ थाऊची होईल. कंप्रेशन, म्हणजे सिलिंडरमधले मिश्रण किती पट दाबले जाते ते, किती ठेवावे? इंजिन येथेच स्टँडवर चालवून पाहणार आहे.

मोजपट्टी:

आपण मोजून आकडे दिलेत, त्यामुळे नेमके सांगता येते. एका सिलिंडरचे विस्थापन ७१६.७ सीसी भरते. ६४ सीसीचे हेडही १२ थाऊ घासून दोन्ही बाजू ६२ सीसीवर आणल्या, तर ६२ सीसीचे चेंबर, गॅस्केटचे ८.९, पिस्टनवरच्या मोकळ्या जागेचे ५.१ आणि खाचांचे ५ मिळून ८१ सीसी होतात आणि कंप्रेशन ९.८५ येते. सतत भार ओढणाऱ्या बिडाच्या हेडसाठी ते जास्त आहे. मी ९ ते ९.५ च्या आत राहीन. पण कंप्रेशन उतरवण्यासाठी जाड गॅस्केट घालू नका. आताच पिस्टन आणि हेडच्या सपाट भागांमधले अंतर ६६ थाऊ आहे, आणि ते वाढले की मिश्रण नीट घुसळले जात नाही व नॉकिंग (मिश्रणाचा अवेळी स्फोट) उलट लवकर सुरू होते. त्याऐवजी ब्लॉकचा माथा २५ थाऊ घासून ते अंतर ४१ थाऊवर आणा आणि १६ सीसीचा, डी अक्षराच्या आकाराचा खळगा असलेले पिस्टन घ्या. एकूण ८६.९ सीसी होतात आणि कंप्रेशन ९.२५ बसते. पूर्ण गोल खळग्याचे पिस्टन घेतले तर घुसळण्याची जागाच जाते, एवढे दुकानात आवर्जून पाहून घ्या. ब्लॉक आणि हेड घासल्यामुळे इनटेक मॅनिफोल्डच्या बाजूही त्या प्रमाणात घासाव्या लागतील आणि पुशरॉडची लांबी पुन्हा मोजावी लागेल.

स्टँडवरच्या चाचणीबद्दल एक महत्त्वाची सूचना. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे आणि येथे हवेचा दाब मांडव्यापेक्षा साधारण सात टक्क्यांनी कमी असतो. त्यामुळे अंबडला नॉकिंग झाले नाही, म्हणून मांडव्यालाही होणार नाही असे समजू नका. खाली उतरल्यावर सिलिंडर अधिक भरतो. टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) येथे दोन अंश मागेच ठेवा आणि अंतिम टायमिंग पाण्यावर, पूर्ण भाराखाली ठरवा. पंपावर मिळणाऱ्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला इंधनाचे प्रमाणही थोडे जास्त लागते, तेव्हा कार्ब्युरेटरचे जेट तपासूनच बोट सोडा.

पहिल्या फेरीत टॅकोमीटरवर लक्ष ठेवा. बोटीच्या पंख्याला (प्रोपेलरला) लागणारी ताकद ढोबळमानाने आर.पी.एम.च्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे ताकद एक तृतीयांशाने वाढली तर जुन्याच पंख्यावर आर.पी.एम. सुमारे दहा टक्क्यांनी चढतील. आधी इंजिन ४६०० ला थांबत असेल तर ते आता ५००० च्या पुढे जाईल. तसे झाले तर थ्रॉटल लगेच मागे घ्या आणि दोन इंच जास्त पिचचा (पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा जितका पुढे सरकेल ते अंतर) पंखा लावून पुन्हा मोजा.