बारावीनंतर लॉ, लगेच जज होता येतं का?

लातूरहून विचारतोय, बारावी आर्ट्स झालीय, पाच वर्षांचं लॉ करायचंय पण घरचे म्हणतात वकिलीत जम बसायला लई वर्षं जातात, डिग्री झाली की लगेच जजची परीक्षा देता येते का?

उत्तर: लगेच नाही भाऊ. 2025 ला सुप्रीम कोर्टानं दिवाणी न्यायाधीशासाठी तीन वर्षं वकिलीची प्रॅक्टिस परत सक्तीची केली, म्हणून शिकतानाच चांगला सीनियर वकील धर, वाटणीचे दावे, सातबारा, फेरफार हे तिथं बसूनच कळतं.

उत्तर: संभाजीनगरच्या लॉ युनिव्हर्सिटीला क्लॅट (देशपातळीवरची लॉ प्रवेश परीक्षा) लागते, बाकी कॉलेजला राज्याची सीईटी. फी आधी बघ.

उत्तर: आन् नुसतं जजच कशाला, सरकारी वकील, बँकेत लॉ ऑफिसर हायेच की, शिवाय हायकोर्टाचं खंडपीठ संभाजीनगरलाच हाय, मुंबईला जायची गरज नाही.